नव्याण्णव गाठींची पट्टी

मित्रांनो, माझी लांबी तीन विती, रुंदी चार बोटे आणि वय नव्याण्णव बाळे. वर्षांत विचाराल तर सांगता येणार नाही, आम्हा पट्ट्यांना कोणी कॅलेंडर दाखवत नाही. मी एक जुनी बेंबीपट्टी आहे. बाळाची नाळ कापल्यावर उरलेला तुकडा वाळून गळेपर्यंत पोटावर जी पट्टी बांधतात ना, ती मी. सरोवराकाठच्या आमच्या गावात आज जे तरणेताठे छाती काढून हिंडतात, त्यांचे पहिले रडणे मी ऐकले आहे. गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर फार मिजास करतो. पहिल्या दिवशी त्याने मला चार वेळा भिजवले होते. एकदाही काही अडवता आले नव्हते.

हसून घ्या. पुढे फारसे हसायला नाही.

माझा जन्म रोसारिया चोलोतियो हिच्या कमरेला झाला. आमच्याकडचा माग असाच असतो: एक टोक अवाकाडोच्या झाडाला, दुसरे बाईच्या कमरेला. बाई मागे रेलली की ताणा ताठ होतो. रोसारिया तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. पोटातल्या पोरीने एक लाथ हाणली आणि हातातला धागा तिरका गेला. रोसारियाने तो उसवला नाही. माझ्या विणीत आजही ती एक रेघ वाकडी आहे. ती मिकाएलाची लाथ.

मग मला रंगवले. रोसारिया ओकच्या झाडाची साल आणि वाळलेली डाळिंबाची साल दोन दिवस उकळत असे आणि रंग धरून राहावा म्हणून त्यात केळीच्या खांबाचे पाणी ओतत असे. त्या तुरट, काळपट काढ्यात मी इतकी बुडले की माझ्या प्रत्येक धाग्याला दात आंबल्यासारखे झाले. बाहेर आले ती भाजलेल्या मातीच्या रंगाची होऊन. हा रंग मिरवण्यासाठी नव्हता. सालीचा तुरटपणा कपड्यात मुरला की ओल्या कपड्यात सड लवकर धरत नाही, हे रोसारियाला तिच्या आईकडून आले होते.

पण नुसत्या आलेल्या गोष्टीवर विसंबणारी बाई नव्हती ती. तिच्याकडे झाकणाचा एक भोपळ्याचा तुंबा होता. रंगवलेला कपडा आंबलेल्या मक्याच्या पाण्यात भिजवायचा, त्या तुंब्यात कोंबायचा, झाकण लावायचे आणि तीन दिवस चुलीजवळच्या उबेला ठेवायचा. चौथ्या दिवशी झाकण काढून नाक आत. सालीचा वास आला तर कपडा पास. मेलेल्या उंदराचा आला तर पुन्हा रंगात. मी पहिल्याच खेपेला पास झाले. रोसारियाने मला नाकाला लावले आणि म्हणाली, "ही माझ्या पोरीची."

पहिली मी मिकाएलाच्या पोटावर बसले. सुईण होती देल्फिना. वयाने तेव्हाही आजीच, आणि जिभेने कायमची तरुण. सातव्या दिवशी नाळ गळली, बेंबी कोरडी निघाली. देल्फिनाने माझ्या काठाच्या दशीला एक गाठ मारली. "ही मिकाएला," ती म्हणाली. मग शेजारणीने मला मागून नेले, मग तिच्या बहिणीने. प्रत्येक बाळाची बेंबी कोरडी झाली की एक गाठ. गाठ म्हणजे ते बाळच, असे सगळ्या आया समजू लागल्या.

बाळंतिणीला धीर यावा म्हणून देल्फिना एक गोष्ट सांगत असे. रोसारियाच्या रंगाच्या हंड्यात म्हणे एकदा पाद्रीबाबांचे पांढरे खेचर पडले. बाहेर निघाले ते तपकिरी होऊन. पाद्रीबाबा म्हणाले हे माझे नव्हे, खेचर म्हणाले मी तुमचेच, आणि भांडण पंचायतीपर्यंत गेले. पण त्या खेचरावर मरेपर्यंत माशी बसली नाही. मेल्यावरही चाळीस दिवस त्याला वास नव्हता; आठवडाभर तर ते मेले आहे हेच कोणाला कळले नाही, लोक त्याच्या पाठीवर लाकडे लादत राहिले. बाळंतिणी हसत. कळ ओसरे. मीही दोरीवर वाळता वाळता ऐकत असे, आणि खरे सांगते, मला ती गोष्ट फार आवडे.

दहा बाळे झाली तेव्हा रोसारिया म्हणाली, धुऊन धुऊन रंग विटतो, हिला परत एकदा बुडवायला हवी. आणि बुडवली. मी पुन्हा तुरट झाले, पुन्हा अंगात जोर आला.

तिसऱ्या दिवशी फेलिपा सरोवरात बुडाली.

फेलिपा माझी आठवी गाठ. कातारीनाची पोर, दोन वर्षांची. धुण्याच्या दगडांपाशी खेळत होती. पाणी तिथे गुडघाभरच आहे. कातारीनाने वेड लागल्यासारखे केले. दोन दिवसांनी कोणीतरी बाई तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता म्हणाली, "तुझा काय दोष गं. पट्टी बुडवली, गाठ बुडाली, म्हणून पोर बुडाली." कातारीनाने मान वर केली, आणि रडणे थांबवले. बायकांनी ते पाहिले. त्या दिवसापासून गावात ती गोष्ट दगडावरची रेघ झाली. मला रंगात बुडवायचे नाही, उकळायचे नाही. काठावरच्या थंड पाण्यात हलकेच खळबळायचे आणि गाठी वर धरून सावलीत वाळवायचे.

माझा मान मात्र वाढत गेला. वीस गाठी, चाळीस गाठी. बायका मला दोन्ही हातांत घेत, कपाळाला लावत. लग्न ठरले की पोरी आधी देल्फिनाला विचारून ठेवत, "आजी, पट्टी मोकळी असेल ना तेव्हा?" देल्फिना म्हणे, "आधी पोट तर येऊ दे. नवरा ठरला नाही की पट्टीची नोंदणी." मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू रडगाणे गातात ना, की लोकांनी आम्हाला अडगळीत टाकले, विसरले? माझे उलटे झाले. मला इतके डोक्यावर घेतले की माझ्याकडे बघायचे राहून गेले.

साठाव्या बाळापाशी मला जाणवू लागले. पूर्वी ओल आली की माझ्यातला तुरटपणा जागा होई, आणि जे बारीक जीव ओलीबरोबर राहायला येतात त्यांना तो उंबरठ्यावरूनच हाकलून देई. आता ते आत येत. दिवसभर राहत. ऐंशीव्या बाळाच्या वेळी ते मुक्कामाला राहिले. ते इतके बारीक, की मलाही दिसत नव्हते, आणि मी तर त्यांच्या पायाखाली. ऐंशी धुण्यांत माझी साल निघून गेली होती. उरला होता नुसता फिकट रंग आणि ऐंशी गाठी. तरीही बाळे वाचली. कोणाचे नशीब, कोणाच्या आईचे दूध, कोणाची कोरड्या दिवसांतली वेळ. श्रेय मला मिळाले आणि मी ते घेतले. बोलता येत नव्हते हे खरे. आले असते तरी बोलले असते का, कोण जाणे.

नव्याण्णवावे बाळ झाले तेव्हा देल्फिना खूप थकली होती, पण नाक शाबूत होते. मला पिशवीत घालून ती रोसारियाच्या अंगणात आली.

"रोसारिया, हिचा वास घे."

"कशाला? माझ्या हातची आहे."

"म्हणूनच तुझ्याकडे आणली. घे म्हणते ना."

रोसारियाने मला नाकाला लावले.  "जरा शिळी वाटते," ती म्हणाली.

"शिळी? भाकरी आहे का ती? रंग मेलाय तिच्यातला. एकदा बुडव. मी कोणाला सांगणार नाही."

"तू नाही सांगितलंस तरी पाण्याला कळेल."

"वीस वर्षं रंगात हात घालून बसलीस आणि पाण्याला घाबरतेस?"

"पहिली गाठ कोणाची, विसरलीस?"

"नाही विसरले. विसरले असते तर माझ्याच चुलीवर उकळली असती, तुझे पाय धरायला आले नसते."

रोसारियाने आत बघितले. दारात मिकाएला बसली होती, वीस वर्षांची, आठव्या महिन्याचे पोट सांभाळत बाजारच्या शेंगा सोलत. "आत्ता नको," रोसारिया हळूच म्हणाली. "हिची सुटका होऊ दे. मग बुडवते. तोवर कोणाच्या जिवाशी खेळायला लावू नकोस मला."

सगळ्या गावात मला ओळखणारी बाई एकच होती, आणि ती घाबरली. देल्फिना गेल्यावर तिने तुंबा खुंटीवरून काढला. हातात धरला. आत आंबलेले पाणी ओतायलाही उठली. मग परत टांगला. तीन दिवसांनी काय कळणार हे तिला आजच माहीत होते.

तिने दुसरी वाट काढून पाहिली. रातोरात नव्हे, उघड्या उन्हात अंगणात बसून तिने नवी पट्टी विणली, साल उकळून रंगवली, तुंब्यात घालून पाहिली. पास झाली. ती मिकाएलाच्या मांडीवर ठेवली.

मिकाएलाने काठ चाचपला. "आई, हिच्यात कोण आहे?"

"कोणी नाही. नवी आहे."

"म्हणजे माझ्या बाळाला एकटं झोपवणार? मला जुनी दे."

"ही चांगली आहे गं. वास बघ."

"वास काय करायचा? जुनीत नव्याण्णव जण आहेत." आणि मग हसून म्हणाली, "तिच्यात मी आहे."

यावर रोसारियाने खरे सांगायला हवे होते. तिने नवी पट्टी घडी घालून टोपलीत ठेवली.

मुलगा झाला. ऐन पावसाळ्यातला. सगळे नीट झाले. मिकाएलाचा नवरा दिएगो दारातून डोकावला आणि म्हणाला, "कान माझे आहेत."

"कान घेतलेस तेवढे पुरे," देल्फिना म्हणाली. "बाकी आईचं राहू दे, पोराचं भलं होईल." आणि तिने मला बांधले. बांधताना तिची बोटे क्षणभर थांबली. तिने रोसारियाकडे पाहिले. रोसारिया पाण्याचे भांडे उचलून बाहेर गेली.

आता थांबा. ती खेचराची गोष्ट मी तुम्हाला मीठमसाला लावून सांगितली. पंचायत तर मीच घातली त्यात. असे खेचर कधी नव्हते, हंडा तर कोंबडीही बुडणार नाही एवढाच होता. पण पुढचे सगळे खरे आहे. खोटे असते तर मला बरे झाले असते.

त्या आठवड्यात कपडे वाळले नाहीत. मी ओली ती ओलीच. माझ्या धाग्याधाग्यांत ते बारीक जीव वस्तीला आले, आणि खाली, कोवळ्या कातडीवर, एक उघडी जागा होती. मला ते होताना कळत होते. एखाद्याच्या पाठीवर पाय देऊन चोर घरात शिरावा आणि त्याला हूं की चूं करता येऊ नये, तसे. तिसऱ्या दिवशी बाळाची धडधड माझ्याखाली फार भरभर चालू लागली. चौथ्या दिवशी त्याचे पोट तव्यासारखे तापले.

"आजी, हा दूधच ओढत नाहीये," मिकाएला म्हणाली.

देल्फिनाने मला सोडले. बेंबीभोवती लाल कडे होते, आणि वास. तिने मला लगेच मुठीत दडवले, पण खोली लहान होती. "दिएगो, होडी बघ," ती म्हणाली. "पलीकडच्या दवाखान्यात. जेवायला थांबू नकोस."

पण दुपार झाली होती, आणि दुपारी आमच्या सरोवरावर दक्षिणेकडून वारा उठतो. पाणी अक्षरशः उभे राहते. सगळ्या होड्या बांधलेल्या होत्या. लुकास नावाडी म्हणाला, "या वाऱ्यात मी सासूला पण नेणार नाही, आणि तिला न्यायला मी कधीचा तयार आहे." मग त्याने मिकाएलाच्या पदराआडचे बाळाचे तोंड पाहिले. टोपी काढली. "उजाडताच निघू," म्हणाला. "तोवर हा वारा कोणाला जाऊ देणार नाही, पोरी. माझा स्वतःचा मुलगा असता तरी."

उजाडताच निघाले. पाणी आरशासारखे होते. दवाखान्यातल्या नर्सने बाळाला घेतले, धावत आत गेली. त्यांनी सुया लावल्या, नळ्या लावल्या. करायचे ते सगळे केले. दुपारी, वारा उठायच्या वेळेला, बाळ गेले.

नर्सने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते. तिने देल्फिनाला बाजूला घेतले. आवाज रागाचा नव्हता. "नेमकं कशानं झालं ते मी ठामपणे नाही सांगू शकत. नाळ कापताना असेल, हातातून असेल. पण ही पट्टी बाळाच्या बेंबीवर ठेवायच्या लायकीची नाही. शेवटची कधी उकळली होती?"

"उकळत नाही."

"का?"

देल्फिनाने माझ्या गाठींकडे पाहिले. मग पिशवी नर्सच्या हातून घेतली आणि पदराखाली धरली. 

बाळाला पुरले. नाव ठेवायचे राहिले होते. गाठ तर नव्हतीच, कारण गाठ बेंबी कोरडी झाल्यावर मारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोसारियाने तुंबा खुंटीवरून काढला. या खेपेला परत टांगला नाही. मला आंबलेल्या पाण्यात भिजवून आत घातले. दुसऱ्या तुंब्यात ती टोपलीतली नवी पट्टी. तीन दिवस मी चुलीजवळ अंधारात बसले. परीक्षेचा निकाल मला ठाऊक होता, तरी ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब.

चौथ्या दिवशी अंगणात बायका जमल्या. आधी नव्या पट्टीचे झाकण निघाले. पावसात भिजलेल्या रानाचा वास. मग माझे. अंगणातल्या बायका दोन पावले मागे सरल्या. कोणी तोंडाला पदर लावला. मेलेला उंदीर तरी बरा.

"मला माहीत होतं," रोसारिया म्हणाली.

मिकाएला भिंतीला टेकून बसली होती. दूध आलेले होते, छातीवर कपडा घट्ट बांधला होता. "काय माहीत होतं?"

"ही रिकामी झाली होती. देल्फिना सांगायला आली होती. बुडव म्हणाली. मी नको म्हटलं."

"का?"

"पहिली गाठ तुझी आहे."

मिकाएला आईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मला आजही सांगता येत नाही. राग असता तर बरे झाले असते. मग ती म्हणाली, "बुडव."

"नको गं," मागून दोघीतिघी एकदम बोलल्या. "आमची पोरं आहेत तिच्यात. फेलिपाचं काय झालं, आठवत नाही का?"

तेव्हा कातारीना पुढे आली. केस पिकले होते तिचे. इतक्या वर्षांत फेलिपाचे नाव तिने चारचौघांत घेतलेले कोणी ऐकले नव्हते.

"माझी पोर पट्टीनं बुडाली नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी दगडावर तुम्ही चारजणी होता आणि मी होते. काय सांगत होते ते सुद्धा आठवतं मला, माझ्या जावेच्या बांगड्यांचं. पाठ तिच्याकडे होती. हसत होते मी." ती चुलीकडे वळली. "तुम्ही पट्टीला दोष दिलात तो माझ्या दयेनं. मला कळत होतं. मी देऊ दिला. आता हिचं पोर गेलं. पुरे."

 कातारीनाने स्वतः चुलीत लाकडे सारली.

हंडा उकळू लागला तशा बायकांनी आपापली पोरे बोलावून घेतली. प्रत्येकीने एकेक मनगट घट्ट धरले. तो मिजासखोर गोलकीपर आईपेक्षा वीतभर उंच. तोही मुकाट्याने हात धरू देऊन उभा. रोसारियाच्या एका हातात मी होते आणि दुसऱ्यात मिकाएलाचे मनगट. तिने मला सोडले.

मी खाली गेले. नव्याण्णव गाठींसकट, त्या वाकड्या रेघेसकट. उकळी माझ्यातून आरपार गेली. माझ्यातली सगळी वस्ती मेली आणि तुरटपणा परत आला. वर अंगणात कोणी श्वास घेत नव्हते. पण कोणीही पडले नाही, कोणाला ठसकाही लागला नाही. थोड्या वेळाने पोरे कंटाळली आणि हात सोडवून खेळायला पळाली. इतके सोपे होते ते. एक महिना आधीही इतकेच सोपे होते.

रोसारियाने काठीने मला वर काढले. मी पुन्हा भाजलेल्या मातीच्या रंगाची झाले होते. पाणी निथळत असतानाच मिकाएलाने मला हातात घेतले. बोटे भाजत होती, तरी तिने काठाची एक मोकळी दशी शोधली आणि तिला गाठ मारली. देल्फिना काही तरी म्हणणार होती, बेंबी कोरडी झाल्याशिवाय गाठ मारत नाहीत असे. म्हणाली नाही.

तेव्हापासून मी कोणाच्या पोटावर बसलेले नाही. प्रत्येक बाळाला आता नवी, बिनगाठींची पट्टी मिळते. ती आधी उकळतात, आणि वापरून झाली की परत रंगात जाते. बेंबीभोवती जरा लाली दिसली तर कोणी खेचराची गोष्ट सांगत बसत नाही. वारा उठायच्या आत होडीत बसतात. मी अवाकाडोच्या झाडाला, मागाच्या दोरीशेजारी टांगलेली असते. रंगकाम शिकायला येणाऱ्या पोरींना रोसारिया आधी मला दाखवते, मग तुंबा.

मित्रांनो, मी औषध कधीच नव्हते. स्वतः लवकर सडू नये एवढेच मला येत होते, आणि तेही कोणी मला पुन्हा पुन्हा रंगात घालेल तोवरच. लोकांनी मला त्याहून मोठे केले आणि मला ते आवडले. म्हणून एकच मागणे. ज्या वस्तूवर तुमचा फार जीव आहे, जिला तुम्ही कपाळाला लावता, तिला आधी नाकाला लावा. वास आला तर लाजू नका, लपवू नका. पाणी उकळायला ठेवा.

माझ्या काठाला आता शंभर गाठी आहेत. नव्याण्णव जणांना नावे आहेत. शंभराव्याला नाही. वारा आला की बाकीच्या गाठी एकमेकींवर आपटतात. ती एक ओली असताना फार घट्ट मारली गेली, म्हणून हलत नाही.